मंगळवारच्या तासांबद्दल आभार

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

प्रॉक्सी! हा शब्द वापरला त्यांनी. आम्हा तिघांना समोर बसवून.

हजेरीला मित्राच्या नावाने 'येस मॅम' ओरडणाऱ्या पोरांसाठीचा शब्द — तो मला, मंजुनाथना आणि पवित्राला. निवृत्ती दोन वर्षांवर आली असताना हेही ऐकून झालं.

नवे डीन, त्रिविक्रम. वय माझ्या भाच्याएवढं. "कडोलकर मॅडम, ज्याच्या नावावर तास, त्यानेच तो घ्यायचा. दुसऱ्याने घेतला की ती प्रॉक्सी."

आमच्या प्राणिशास्त्र विभागात हे कित्येक वर्षं चालत आलंय. मंगळवारी सकाळी मी माझ्या फळमाश्यांची लापशी शिजवते. रवा, गूळ, यीस्ट. निम्म्या माश्यांना रव्याऐवजी नाचणी, इथली रागी. पिढ्यान्‌पिढ्या नाचणीवर वाढलेली माशी रव्यावरच्या माशीपेक्षा कशी वेगळी होत जाते, एवढं एकच मी वीस वर्षं बघतेय. लापशी सोडून हलता येत नाही, करपते नाहीतर उतू जाते. म्हणून माझा पहिल्या वर्षाचा तास एका मंगळवारी मंजुनाथ घेतात, एका मंगळवारी पवित्रा. मंजुनाथ शनिवारी हेब्बाळच्या तळ्यावर पक्षी मोजतात — त्यांचं प्रॅक्टिकल माझ्याकडे. पवित्रा मंगळवारची रात्र वटवाघळांचे आवाज टिपत बाहेर असते — बुधवारचा तिचा आठचा तास माझ्याकडे. आजवर एक तास बुडलेला नाही. आम्ही कुणाला विचारलं नव्हतं, हे खरं. पण लपवलंही नव्हतं.

न लपवणंच नडलं. डीनच्या टेबलावर माझाच नवा पेपर होता, छापून काढलेला. शेवटच्या पानावर पिवळी रेघ. "मंगळवारचे माझे तास घेतल्याबद्दल डॉ. मंजुनाथ व डॉ. पवित्रा यांचे मनापासून आभार."

"पुरावा तुम्हीच दिलाय," म्हणाले.

आभार म्हणजे कबुलीजबाब?

६ ऑगस्ट, बुधवार

नवऱ्याचं वेगळंच. विद्याधर जेवताना म्हणाला, "आमच्या कारखान्यात जन्मभर एकमेकांच्या पाळ्या केल्या. कुणी छापून नाही आणलं. तुम्ही प्रोफेसर लोक फारच प्रामाणिक बुवा."

हसले नाही. त्यालाही कळलं, त्याने ताक वाढलं.

ही सवय सिस्टर फिलोमिनांची. बेळगावचं कॉन्व्हेंट, पॉलिशचा वास येणारी बाकं, खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची रांग. कुणी आपल्यासाठी काही केलं की आभाराची चिठ्ठी लिहायची, आणि ती सिस्टर आधी वाचणार. 'सगळ्याबद्दल आभार' लिहिलं की चिठ्ठी परत. कशाबद्दल? पेन्सिल दिली तर पेन्सिल लिही. छत्रीत घेतलं तर छत्री लिही. नाहीतर ते आभार नव्हेत, नुसता तोंडाचा आवाज! बारीक होत्या, पण आवाज घंटेसारखा.

पवित्रा नवी आली तेव्हा तिला हे सांगितलं होतं. निपाणीची मुलगी, खळखळून हसली होती. "अक्का, मग माझ्या सासूबाईंना किती चिठ्ठ्या लिहायला लागतील!"

७ ऑगस्ट, गुरुवार

आज मला एकटीला बोलावलं. आवाज मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

म्हणाले, महिनाअखेर मूल्यांकनाची समिती येतेय, तिने ही ओळ वाचायला नको. पेपर अजून फक्त ऑनलाइन आहे, छापील अंक यायचाय. "जर्नलला लिहा, ओळ काढायला सांगा. विषय संपला." आणि नाही लिहिलं तर? तर तिघांच्या नावावर शेरा. माझं काय बिघडणार, मंजुनाथांचंही फारसं नाही. पण पवित्राची कायम करण्याची समिती पंचवीस तारखेला आहे. "शेरा असलेली फाइल मी पुढे कशी पाठवू, मॅडम? तुम्हीच सांगा."

मीच सांगायचं! मुलीची मान माझ्या हातात द्यायची आणि वर माझाच सल्ला विचारायचा.

बाहेर मंजुनाथ उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, "मेडम, पुढच्या खेपेला फक्त देवाचे आभार माना. त्याला बायोमेट्रिक नाही." मग चष्मा पुसत, हळूच — "लिहून टाका. आम्हाला आभार नकोत. आमची पवित्रा हवी."

ह्या माणसाने मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही कशाला ते छापलंत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मी. संध्याकाळी पवित्राकडे हळदीकुंकवाला. देवीला नेसवलेली हिरवी साडी, शेवंतीचा ढीग, तिचा लहान मुलगा मध्येच कलशावरचा नारळ हलवतोय. मला स्वयंपाकघरात ओढलं आणि होळिगे, त्यांची पुरणपोळी, वाढतावाढता म्हणाली, "काढून टाका की अक्का ती ओळ. मला काय वाईट नाही वाटणार."

"मला वाटेल."

"कायम झाले नाही तर परत करारावर. दर जूनला नवी मुलाखत. माझ्या नावावर एक प्रकल्प मागता येणार नाही." हे ती रडगाणं म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली. लगेच पुढे, "आणखी तूप घाला, कोरडी लागते ती."

तिची वटवाघळं मी ऐकली आहेत. आपल्याला न ऐकू येणारा आवाज ती यंत्रातून खाली आणते, आणि अंधारात कुणीतरी भराभर टिचक्या वाजवतंय असं वाटतं. कॉलेजात असं काम दुसरं कुणी करत नाही. आणि तिला तोलायला एक शेरा!

१२ ऑगस्ट, मंगळवार

अदलाबदल बंद झाल्यानंतरचा पहिला मंगळवार. लापशी तास सुरू व्हायच्या आधी उरकू म्हणून धावपळ केली. नाचणीची खाली लागली. करपलेल्या गुळाचा वास पार जिन्यापर्यंत. ती फेकली, वर्गात गेले. पेशीविभाजन शिकवत होते आणि डोक्यात माश्या. बाटल्या आज बदलायलाच हव्या होत्या. जुन्यात बुरशी धरली की वीस वर्षांचा वंश आठवड्यात आटपेल.

आणि ह्याच तासाला — हे लिहून ठेवायलाच हवं — मागच्या बाकावरची दिव्यश्री, जी कधी तोंड उघडत नाही, तिने विचारलं, "मॅम, रागीवरच्या माश्यांसमोर रागी आणि रवा दोन्ही ठेवले तर त्या कुठे जातील?"

मी त्यांच्यापुढे दोन्ही कधी ठेवलेच नाहीत! इतक्या वर्षांत मला सुचलं नाही. तिला म्हटलं, माहीत नाही, शोधू या. वर्ग एकदम जागा झाला.

डीनना वाटतं शिकवणं एका कप्प्यात असतं आणि संशोधन दुसऱ्या. त्यांना हा तास दाखवायला हवा होता. पण ते आले असते तर यंत्रावर अंगठा उमटलाय का ते बघायला.

१३ ऑगस्ट, बुधवार

पवित्रा रात्रभराच्या कामावरून थेट आठच्या तासाला. डोळे लाल, सलवारीला चिखल, केसात वाळकं पान. पान मी काढलं. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून बसली. मी माझा डबा पुढे केला — पोहे, कोथिंबीर घालून. दोन घास खाल्ले.

समोर तिच्या वटवाघळांच्या पेपरचं प्रूफ. आज तपासून परत पाठवायचं होतं. मी सहज शेवटचं पान उलटलं. तिथे माझं नाव. बुधवारचे तास.

"हे आधी काढ," म्हटलं. "वेडी आहेस का? पंचवीस तारखेपर्यंत तुझ्या नावाला एक डाग नको. माझं झालं तेवढं पुरे. ऐकतेस ना?"

"सरी अक्का," म्हणाली — म्हणजे 'बरं' — आणि लाल पेन शोधायला लागली.

१७ ऑगस्ट, रविवार

लिहिलं. जर्नलच्या संपादकांना. आभाराचा परिच्छेद वगळावा, ही विनंती. कारण दिलं नाही.

मसुदा चारदा केला. दोन ओळींचा मसुदा! विद्याधरने मागे येऊन वाचला. चहा ठेवून गेला.

आयुष्यात पहिल्यांदा आभार परत घेतले. कुणाचा शेला उधार आणावा आणि फाडून परत द्यावा, असं वाटतंय. राग कुणावर काढू? त्रिविक्रमवर काढून झाला. आता उरला आहे तो माझ्यावर. मी मान हलवली म्हणून त्यांचं चाललं. पण पवित्राला करारावर पाठवून माझी ताठ मान कुठल्या कामाची?

दिव्यश्रीला उद्या माश्यांच्या खोलीत बोलावलंय. जेवणाच्या सुटीत. सुटीवर अजून कुणाचं नाव नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

संपादकांचं उत्तर आलं. सज्जन मनुष्य, काहीच विचारलं नाही. ओळ गेली. पेपर उघडून पाहिला. संदर्भांची यादी, तिच्या वर नुसतं कोरं. दिसायला काहीच झालेलं नाही.

डीनना कळवलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले. "थँक यू, मॅडम. थँक यू सो मच."

कशाबद्दल, ते काही सांगितलं नाही. सिस्टर फिलोमिनांनी परत पाठवले असते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पवित्राचा पेपर आज आला. मंजुनाथांनी फोनवर पाठवला, खाली फक्त — "शेवटचं पान."

"बुधवारचे सकाळी आठचे माझे तास घेतल्याबद्दल प्रा. सुलभा कडोलकर यांची मी ऋणी आहे."

सोमवारी तिची समिती. आणि माझ्या पेपरात आता तिचं नाव नाही.

मी काढ म्हटलं होतं. ती 'सरी अक्का' म्हणाली होती.