माझ्यामागे चूल पेटवू नये

मी, सावळी लखमा मेंगाळ, वय अंदाजे पंचावन्न (जन्माची नोंद कोणी ठेवली नाही), पूर्वीचे काम सर्कशीतल्या झुल्यावर, आताचे काम तेच मुलांना शिकवणे, राहणार किन्हवलीच्या पुढे वरच्या व खालच्या वाडीमधला माळ, तालुका शहापूर, हे शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. कंबर कामातून गेली आहे, डोके जागेवर आहे. सर्कशीतल्या मुलींची घरची पत्रे मीच लिहीत असे, त्यामुळे हात अजून वळतो. कायद्याचे शब्द मुरबाडच्या वकिलाकडून घेतले आहेत, बाकीचे माझे.

१. आधी घरातले भांडण. माझा भाऊ बुधू याला मी काहीही देत नाही. सन १९६८ मध्ये म्हसाच्या जत्रेत आलेल्या सर्कशीबरोबर मी निघून गेले, तेव्हा त्याने महिनाभरात माझे दहावे घालून जेवण दिले. बावीस वर्षांनी मी कंबर मोडून परत आले, तर दारात उभा राहून म्हणाला, "तू तं मेलीस ना गो? आता कशाला आलीस?" पंचांनी दटावले म्हणून त्याने हा नापीक माळ माझ्या नावे केला. दहावे एकदा झालेले आहे. खऱ्या वेळी त्याने पुन्हा तसदी घेऊ नये.

२. झुल्याचे दोन दांडे, दोर, चेंडू व मोठी जाळी मी खालच्या वाडीतल्या रविंद्रला देते. का, तेही लिहिते, नाहीतर वरच्या वाडीचे लोक तोंड वाकडे करतील.

सन १९९३ मध्ये जंगलातल्या शेतीच्या पट्ट्यांवरून दोन वाड्यांत जुंपली. वरच्या वाडीचा जैतू कोयत्याने मारला गेला. त्यावर वरच्यांनी खालच्या वाडीची सात घरे जाळली. पुढे दोन वर्षे पोरे शाळा सोडून एकमेकांवर दगड मारत बसत आणि त्यातले निम्मे माझ्या कौलांवर पडत. एक दिवस मी बाहेर आले, दोन्ही बाजूंना मनसोक्त शिव्या दिल्या आणि म्हटले, "फेकायचंच हाय तं नीट फेका. तीन दगड घ्या नि एक पन खाली पाडू नका." चार पोरे थांबली. तिथून सुरुवात झाली. दगडांच्या जागी चिंध्यांचे चेंडू आले, मग दोरावरचे चालणे, मग झुला. माझी अट एकच होती, की जोडीतली दोघे एका वाडीची चालणार नाहीत.

रविंद्रचे घर त्या जळालेल्या सातांतले. राही ही जैतूची मुलगी. ती उडणारी, तो झेलणारा. झुल्यावर उडणाऱ्याने समोरच्याला पकडायला जायचे नसते. हात उघडे ठेवून जायचे, मनगट धरणे हे झेलणाऱ्याचे काम. पण बापाला मारणाऱ्या वाडीतल्या पोराच्या हवाली मनगट करायला राहीचे मन घेईना. ऐन वेळी ती स्वतःच झडप घाली आणि दोघांचे हात निसटत. चार महिने ती खालच्या पेंढ्यात पडत होती. एका दुपारी थकून, चिडून ती नुसतीच हात पुढे करून गेली, आणि त्याने तिला धरले. मी तिथेच मटकन बसून रडले. सर्कशीत इतकी वर्षे काढली, पण असे रडू कधी आले नव्हते.

३. आता चुलीविषयी. सन १९९६ मध्ये दोन्ही वाड्या माळाच्या दोन टोकांना उभ्या राहून मुलांचा खेळ बघायला आल्या. खेळ संपल्यावर खालच्या वाडीचे म्हातारे धाऊबाबा पुढे झाले. आमच्याकडे समेट नुसता तोंडी होत नाही, त्याला खूण लागते. ते म्हणाले, "सावळीची चूल दोनी वाड्यांना दिसते. तिचा धूर दिसतो तवर कोयता कोनी उचलायचा नाय." वाघोबाच्या दगडाला हात लावून सगळ्यांनी शपथ घेतली. टाळ्यांनी चढलेली मी. फुशारकीने म्हणून बसले, "माझी चूल सकाळ-संध्याकाळ पेटती राहील." माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ती. घरातून पळून जाता येते हे मी करून पाहिले होते, शपथेतून येत नाही.

सन १९९८ मध्ये कंबरेच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात गेले. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, की धूर नाही म्हणून माळावर दोन्हीकडून माणसे जमली आहेत. ऑपरेशन टाकून जीपने परत आले. येऊन पाहते तर तेरा वर्षांच्या राहीने चूल पेटवली होती आणि माणसे पांगली होती. तेव्हा मला हायसे वाटले. पण त्याच दिवशी दोन्ही वाड्यांनी ठरवून टाकले, की सावळीमागे या घरात राहीने राहायचे आणि चूल पेटवायची.

त्यानंतर मी एकदाही घराबाहेर झोपलेले नाही. तापाने फणफणले तरी उठून काटक्या सारल्या. सन २००१ मध्ये माझी जुनी सर्कस कल्याणला आली. माझा झेलणारा हनुमान, ज्याच्या भरवशावर मी अठरा वर्षे हवेत झुला सोडला, त्याने निरोप पाठवला. दुपारचा खेळ बघून संध्याकाळच्या चुलीला परत पोचणे जमले नसते, म्हणून मी गेले नाही. पुढच्या वर्षी तो वारला.

४. राही आता बावीस वर्षांची आहे. पुण्याची एक मंडळी दंगली-भांडणांच्या वस्त्यांतून मुलांना हीच कामे शिकवत फिरते. त्यांना राही कायमची हवी आहे. ती दरवेळी म्हणते, "मी गेली तं तुझ्यामागं चूल कोन पेटवील गो आत्या?" हे ऐकले की माझा मलाच राग येतो. मीच तिला उडायला शिकवले आणि मीच तिला चुलीशी बांधले.

म्हणून पोस्टातले पुस्तक, पत्र्याची पेटी आणि टिकल्यांचा निळा पोशाख मी राहीला देते, आणि कोणतीही जबाबदारी देत नाही. घर व माळ दोन्ही वाड्यांच्या मुलांच्या सरावासाठी रविंद्रने सांभाळावा, पण तिथे राहायला त्याने जाऊ नये, दुसऱ्या कोणाला बसवू नये. चुलीचे तिन्ही दगड उपटून टाकावेत.

५. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणारे नाही. नऊ दिवसांपूर्वी राहीला बारा दिवसांच्या शिबिरासाठी पुण्याला पाठवले. "चूल मी सांभाळते," असे तिला खोटेच सांगितले. ती जीपमध्ये बसली, त्याच संध्याकाळी मी चुलीत पाणी ओतले. काय व्हायचे ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे, पोरीच्या माथी नको, असा विचार केला. भिजवलेले पोहे खाऊन दारात बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीची सहाजणे कोयते घेऊन वर येताना दिसली. मी उंबऱ्यावरून ओरडले, "आधी मला तोडा नि मंग वर जा!"

पुढे रविंद्र होता. "भाताच्या राबाला जाळाया फांद्या तोडाया चाललोय गो आत्या. वरच्यांनीच बोलावलंय. तू कशाला बोंबलतेस?"

आज नववा दिवस. धुराबद्दल एकाही माणसाने विचारलेले नाही. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप झाला. किती वर्षे कोणी बघत नव्हते? हनुमान कल्याणला आला होता तेव्हा तरी बघत होते का?

साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही. कायदाच तसा आहे, मी कंजूष नाही.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर जे झाले तेही इथे लिहिते. धाऊबाबा उठून आत गेले, चुलीत हात घालून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाले, "थंडगार हाय. आमी बघितलंच नाय गो."

रघू, जैतूचा धाकटा भाऊ, राहीचा काका, खाली मान घालून म्हणाला, "मी बघितलं व्हतं. पयल्याच सांजेला."

मी विचारले, "मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "आमची पोर सुटंल म्हनून."

सही: सावळी लखमा मेंगाळ

साक्षीदार: १) धाऊ, खालची वाडी (डाव्या हाताचा अंगठा)
२) रघू, वरची वाडी (सही)

ठिकाण: दोन वाड्यांमधला माळ, ता. शहापूर, जि. ठाणे
तारीख: ८ डिसेंबर २००७