न बुजवलेली भोकं

३ डिसेंबर
आलो एकदाचा डहाणूला. डहाणू रोडच्या लॉजवर खोली झकास मिळाली, हवा छान, चिकू गोड. माणसं मात्र यथातथाच. इथल्या काळ्या वाळूत जड खनिजं आहेत का, ते कंपनीला बघायचंय. गिरमिटाने खोल भोकं पाडायची आणि वर येईल ती वाळू नागपूरच्या प्रयोगशाळेत धाडायची. शेंबडं पोरही करील असं काम, पण पाठवलं मला. हाताखाली धाकटी डहाणूचा जिव्या आहे. मासेमारी सोडून मजुरीला आलेला, अकलेचा कांदा.

५ डिसेंबर
पहिल्याच भोकापाशी जिव्या हटून बसला. त्यांच्यात म्हणे जाळ्याचा खुंट उपटला की निघालेली वाळू त्याच भोकात लोटल्याशिवाय कोणी पाठ फिरवत नाही. "सायेब, त्याचं त्याला द्या, मंग जेवा. नाय तं ते तुमचं घेल." मी सगळी वाळू पिशवीत भरली आणि त्याच्यासमोर डबा खाल्ला. जग मंगळावर निघालंय आणि हे अजून भोकाला भितात. संध्याकाळपर्यंत किनाराभर भोकं पाडली. एकही बुजवू दिलं नाही.

८ डिसेंबर
पिशव्या कालच नागपूरला पोचल्या. आज पाहतो तर पहिलं भोक गच्च भरलेलं. जिव्याचेच उद्योग, म्हणून खडसावलं. तो शपथा घेत सुटला. पुन्हा गिरमिट घातलं तर तळातून दाढ आली, चांदी भरलेली. इतकं गचाळ काम आमच्या दाताच्या डॉक्टरखेरीज कुणाचं नाही. जीभ फिरवली. तिथे नुसता खळगा. रक्त नाही, दुखलंही नाही.

९ डिसेंबर
दुसरं भोक भरलं. उकरायची गरजच पडली नाही. सकाळी बूट घालताना कळलं, करंगळी—
नागपूरला फोन केला, वाळू परत धाडा म्हटलं. तिथला गाढव अभिमानाने म्हणाला, सगळी दळून झाली.
मला भीती वाटते.

१० डिसेंबर
जिव्या न सांगता पहाटेपासून फावड्याने वाळू लोटतोय. दुसरीकडची वाळू. भोकं गिळतात, भरत नाहीत. रडतोय मूर्ख, माझ्यासाठी.
उजवा कान—

११ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजवा गेला. उघडी भोकं अजून खूप—
पोलीस जिव्यालाच धरतील. एवढीच अक्कल असते त्यांना. म्हणून लिहून ठेवतो. भोकं मीच पाडली, मीच बुजवू दिली नाहीत, आणि जिव्याने मला