एका मापाच्या दोन वायरी

मामा, परवा आपलं माळवद पाडलं. ह्यांनी स्लॅब टाकायचा ठरवला आहे. सामान हलवताना माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला टीव्हीच्या चपट्या वायरीचा एक तुकडा निघाला. हे म्हणाले, "काहून जपून ठेवली वं ही? भंगारवाला बी घेणार न्हाई." मी ती परत लुगड्यात गुंडाळली. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं अशी आपल्या साखरा गावात रीत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर अठरा वर्षं झाली. पण ती वायर तुमची आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही मला एकदा विचारलंही होतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आपल्याकडे टीव्ही आला तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. हिंगोलीचा टॉवर लांब, त्यामुळे पडद्यावर माणसं कमी आणि मुंग्याच जास्त. रोज संध्याकाळी तुम्ही माळवदावर चढून अँटेनाचा बांबू फिरवायचात, हे पडद्यासमोर बसायचे, आणि मी दारात उभी राहून दोघांमधले निरोप पोचवायचे. "आलं का?" "आलं, आलं. गेलं." निम्म्या बातम्या त्यातच संपायच्या. तुम्हाला त्याचा कंटाळा कधी आला नाही. फवारणीचा पंप असो की मोटारीचा स्टार्टर, बिघडलेली वस्तू उघडून बसल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. मिस्त्रीला बोलावणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. गावातली माणसंसुद्धा आपापले बंद पडलेले रेडिओ तुमच्याकडेच आणून टाकायची.

त्या उन्हाळ्यात शेतीच्या कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन गावात आली. आत्याबाई अजून घरचंच बियाणं राख घालून कणगीत ठेवतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आत्याबाईंचा तोवर जन्मात एकच फोटो निघाला होता, मतदान कार्डावरचा, आणि त्यात त्या स्वतःलाच ओळखू येत नव्हत्या. कॅमेऱ्यासमोर त्या कणगीत हात घालून उभ्या राहिल्या आणि न लाजता बोलल्या. तुम्ही मागे खांबाला टेकून ऐकत होतात. सबंध संसारात बायकोला 'ऐकलं का' यापलीकडे हाक न मारणारा माणूस त्या दिवशी त्यांच्याकडे असा बघत होता की मीच मान फिरवली. पुढं कार्ड आलं, कार्यक्रम पोळ्याच्या आठवड्यात दाखवणार म्हणून. तुम्ही ते कार्ड खिशात घालून गावभर हिंडलात. आणि मग तुमच्या डोक्यात आलं की आपल्या घरची बाई टीव्हीवर येणार आणि ती मुंग्यांत दिसणार, हे काही बराबर नाही.

मी पंचमीला माहेरी कुरुंद्याला गेले होते तेव्हा तुम्ही दुसरी अँटेना आणलीत. हिंगोलीच्या टीव्ही मिस्त्रीनं म्हणे तुम्हाला सांगितलं होतं, की एकसारख्या दोन अँटेना एकाच दिशेला तोंड करून लावायच्या, दोन्हींच्या वायरी एका डबीत आणून जोडायच्या आणि तिथून एकच वायर टीव्हीला न्यायची. गावानं तुमची भरपूर चेष्टा केली. शेजारचे भाऊजी तर म्हणाले होते, "पहिली नांदंना म्हणून दुसरी केली का? तिसरीसाठी स्थळं पाहू का आता?" पण मी परत आले तेव्हा बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावरची टिकली दिसत होती. तेच भाऊजी रोज सातच्या ठोक्याला येऊन बसायला लागले होते, आणि तुम्ही उगाच मिशीवरून हात फिरवत खाटेवर पडलेले असायचात. हे कसं जमलं, ते मी तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, आठ दिवसांची झड उघडून ऊन पडलं. घरात ओल्या कपड्यांचा ढीग, आणि परसातली वाळवणाची सुतळी कुजून तुटलेली. मी माळवदावर गेले. डबीला जवळ असलेल्या अँटेनाच्या वायरीचं एक मोठं भेंडोळं खुंटीला अडकवलेलं होतं. मला वाटलं, उरलेली वायर आहे, कापायचा कंटाळा केला असेल. मी विळीनं त्यातली सहा-सात हात वायर कापली, उरलेली टोकं दातांनी सोलून एकमेकांना पिळली, वर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली आणि भेंडोळं होतं तसं अडकवून ठेवलं. मी दहावीपर्यंत शास्त्र शिकलेली, मला त्यात काही अवघड वाटलं नाही. कापलेली वायर परसात लिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत बांधली आणि सगळे कपडे तिच्यावर टाकले. दिवसभर लाईट नव्हती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणी टीव्ही लावला नाही.

साडेसहाला अंगणात बसायला जागा नाही. आत्याबाई नव्या लुगड्यात सगळ्यांत पुढे बसल्या आहेत, ह्यांनी बटण फिरवलं आहे, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आहेत. एका अँटेनावर दिसायचं तेवढंही दिसत नाही. तुम्ही चप्पल न घालता वर धावता. "आलं का?" मी दारातून ओरडते, "न्हाई." तुम्ही एक बांबू फिरवता, मग दुसरा. खालून भाऊजी म्हणतात, "वायर तुटली का बघा तात्या." आणि वरून तुमचा आवाज येतो, "वायरीला काय धाड भरलीय? म्या सोता हातानं मोजून घातल्यात, दोन्ही एका मापाच्या. एक जवळ, एक दूर, म्हणून तर जवळचीला भेंडोळं ठिवलं. दोघं मिळून पोतं उचलायचं तर एकदम उचलावं लागतं. एक आधी, एक मागून, मंग कसं उचलंल?"

मामा, मला तिथं, दारात उभ्याउभ्या सगळं समजलं: ते भेंडोळं उरलेली वायर नव्हतं, तुमचं माप होतं, आणि ते मी मोडलं होतं. तुम्ही अजून 'आलं का' विचारत होतात. मी घरातून मागच्या दारानं परसात गेले, कपडे ओढून काढले, वायर सोडून गुंडाळली आणि पदराखाली धरून आणून पेटीत टाकली. परत दारात आले तेव्हा मुंग्यांमधून आत्याबाईंचा आवाज येत होता, "राख घालावी, मंग कीड लागत न्हाई." सगळे पुढे सरकून ऐकत होते. आत्याबाई पडद्याकडे वाकून बघत म्हणाल्या, "मीच हाय का ती?" तेवढ्यात ते संपलं. माणसं उठली. भाऊजी चेष्टा करतील असं मला वाटलं होतं, पण ते काही न बोलता गेले, आणि ते जास्त वाईट होतं.

मी का बोलले नाही, ते सांगते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तुमच्या भिंत सरळ आहे का बघायच्या ओळंब्याचा दोरा गजरा गुंफायला कापला होता, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "इचारून कापावं बाई, कापलेलं वाढत न्हाई." तुम्ही मला बोललात असं ते एकदाच. पण तुमच्या बोलण्याला मी फारशी भीत नव्हते. भीत होते ते अंगणातल्या शंभर डोळ्यांना, 'शिकलेली सून' म्हणून हसतील याला. माझ्या लाजेपायी मी तुमची लाज जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुसरी अँटेना उतरवलीत. वायरी गुंडाळायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत, त्यामुळे ती चिकटपट्टी तुम्हाला कधी दिसली नाही. अँटेनाच्या नळ्या वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवल्यात. पुढच्या आठवड्यात ह्यांनी मोटारीच्या स्टार्टरबद्दल विचारलं तर म्हणालात, "मिस्त्रीला बलाव. आपल्या डोक्याचं काम न्हाई ते." त्यानंतर तुम्ही काहीही उघडून बसला नाहीत. आणि मी कपडे कुंपणावर वाळत घालते हे बघून तुम्ही हिंगोलीच्या बाजारातून जाड तार आणलीत, लिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत स्वतः ताणून बांधलीत आणि मला म्हणालात, "तार पायजे होती तर काहून बोलली न्हाईस, लेकरा?" मी घरात जाऊन रडले. तुम्हाला वाटलं असेल, माहेरची आठवण आली.

मग कितीतरी वर्षांनी टीव्हीची डिश, ती छत्री आली. जोडायला आलेल्या पोरानं अर्ध्या तासात एक छत्री, एक वायर लावली, आणि चित्र आरशासारखं. तुम्हाला तेव्हा धाप लागायची, खाटेवरून फारसं उठत नव्हतात. मी चहा घेऊन आले तर तुम्ही छत्रीकडे बघत म्हणालात, "सूनबाई, ते दोन अँटेनाचं. तीन आठवडे किती झ्याक दिसत होतं. मंग त्याच दिशी माझं काय चुकलं आसंल?" घरात कुणी नव्हतं. हसायलाही कुणी नव्हतं. मी म्हणाले, "वारं आसंल मामा. लई वारं होतं त्या दिशी." तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "व्हय, वारंच आसंल." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आत्याबाईही गेल्या. त्या कशा दिसत होत्या ते त्यांनी कधीच पाहिलं नाही, आणि तुम्हीही नाही. मी त्यांनाही सांगितलं नाही. तुमचं मापात काही चुकलं नव्हतं मामा. मिस्त्री बराबर होता आणि तुम्ही बराबर होतात. पोतं तुम्ही नीटच उचललं होतं, मी एक बाजू सोडली. आणि ती टोकं परत जोडायला मला पाच मिनिटं लागली असती. दारात मला समजलं तेव्हा आत्याबाईंचा आवाज यायला अजून दहा मिनिटं होती.

हा कागद वायरीबरोबर पेटीत ठेवणार आहे. नवीन घरात पेटी कुठं ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही बांधलेली तार मात्र मी गवंड्यांना काढू दिली नाही. त्या संध्याकाळी वारं नव्हतं मामा. वायरीवरचे कपडे मीच काढले, त्यातला एकही हलत नव्हता.