उणे अठ्ठावन्न

३१ मार्च, सोमवार. मानोरा

एक गंभीर तक्रार आरंभीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांना न्याय करता येईल. कंपनीने दिलेले पिवळे शिरस्त्राण माझ्या मस्तकात शिरत नाही. ते वर नुसते विराजमान होते, मोदकावर केशराची काडी ठेवावी तसे. हनुवटीचा पट्टा आवळला तर बोलता येत नाही, सोडला तर वाकता येत नाही. आणि या नोकरीत बोलणे आणि वाकणे हीच दोन कामे आहेत. मालक राजपालला दाखवले तर तो म्हणाला, गुरुजी, तुमच्या डोक्यातच लय भरलं हाये, टोपीचा काय दोष.

असो. संस्कृतात एम. ए., इथल्याच आश्रमशाळेत दोन वर्षे मास्तरकी, मग अकोल्यात वीस वर्षे वार्ताहर, आणि आवृत्ती बंद पडल्यावर बावन्नाव्या वर्षी बिनतारी इंटरनेटच्या कंपनीत. प्रगती दिसतेच आहे. मुक्काम कृषी केंद्राच्या माडीवरच्या खोलीत. वर गच्चीत कंपनीचा मनोरा, खाली कीटकनाशकाचा दरवळ. रामनवमीपर्यंत काम चोख झाले तर कायम करतो, असे राजपालने सांगितले आहे.

काम असे: रामनवमीला पोहरादेवीचे दर्शन मानोऱ्याच्या मैदानात मोठ्या पडद्यावर दाखवायचे. पोहरादेवीहून टेकडीवरच्या तांड्यापर्यंतचा दुवा विकासने जोडून ठेवला आहे. टेकडी ते मानोरा, बारा किलोमीटर, माझ्याकडे.

विकास आमचा तंत्रज्ञ, वय तीस. त्याने मला शिष्य करून घेतले. इथे एक डिश, तिथे एक डिश, दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहायचे, मध्ये झाडसुद्धा नको. संगणकावर एक आकडा येतो. तो नेहमी उणे असतो आणि शून्याकडे सरकेल तितका चांगला. उणे साठच्या आत उत्तम, उणे ऐंशीला नापास. माझ्या गणिताला जगात प्रथमच कुणी न्याय दिला. दुसरा नियम: अंतर निम्मे केले की आकडा सहाने सुधारतो. हेही वहीत उतरवून घेतले. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आज तांड्यावर. घरांना कुलपे. धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलेली, उरलेली जत्रेसाठी पायी पोहरादेवीला. मागे एकटा हेमसिंग, कारण शाळेची किल्ली त्याच्याकडे. सत्तरीचा, वाळक्या शेंगेसारखा, पण डोळे लबाड. त्याने मला पाहताच ओळखले. त्याचा मुलगा किशन आश्रमशाळेत माझ्याकडे होता. मी एकदा त्याला झेंड्याच्या खांबाखाली उभे केले, सांगेन तोवर हलायचे नाही म्हणालो आणि विसरून घरी गेलो. पोरगे दिवेलागणीपर्यंत उभे. मला तर आठवतही नाही. हेमसिंग मात्र हे असे सांगत होता, जणू किशनला बक्षीस मिळाले होते. आमच्या घरात गुरुजीचा शब्द म्हणजे शब्द, म्हणाला, आणि इतका हसला की मलाही हसावे लागले.

डिश शाळेच्या स्लॅबवर, कठड्याजवळच्या खांबाला लावली. क्लॅम्पचे आटे गेलेले, म्हणून आवळत नाही. तूर्त तारेने गुंडाळले. विकासला नवा क्लॅम्प घेऊन उद्या इकडे पाठवायचे आहे. त्याला तसे सांगणे.

मजुरी विचारली तर हेमसिंगने हात झटकला. त्याची बायको प्रयागबाई किशनच्या बायकोच्या बाळंतपणाला तिकडे उसाच्या फडावर गेली आहे. नातू दीड महिन्याचा झाला, याने पाहिलेला नाही. याचा फोन साधा, बटणांचा. एवढेच मागितले: “तुमचं हे चालू झालं का मले किशनचं लेकरू दाखवजा, गुरुजी. बाकी काही नको.”

शब्द दिला.

२ एप्रिल, बुधवार

दोन्ही डोळे जुळले! मी इथे संगणकापाशी, हेमसिंग तिकडे स्लॅबवर, कानाला फोन. आधी इथली डिश पक्की केली, मग मी आकडा वाचायचा आणि त्याने फिरवायचे. म्हाताऱ्याची एक लकब आहे. उजवीकडे फार जातो, मग डावीकडे जरा जास्त परततो, मग पुन्हा उजवीकडे, केसभर. तिसऱ्या खेपेस नेमका. सकाळी अकराला उणे अठ्ठावन्न. विकाससुद्धा असा लावत नाही.

एकच अडचण. त्याने हात काढला की डिश मान टाकते आणि आकडा उणे एक्क्याऐंशी. तार काही धरीना. त्याने विचारले, “सोडू काय, गुरुजी?”

म्हटले, नको. दोन्ही हातांनी धरून ठेवा. विकास क्लॅम्प घेऊन येतोच आहे, अर्धा तास. मी सांगेन तोवर हलू नका.

“हालत नाही,” म्हणाला.

तेवढ्यात राजपाल पाहुणे घेऊन आला, त्यांना पडद्यावर चाचणी पाहायची होती. मैदानात नेले, शाल दिली, माझ्याकडून एक श्लोक म्हणवून घेतला. माणसे पडद्यासमोर चपला काढून उभी राहिली. फोन मुका करून ठेवला होता. पुढे जेवण, त्यानंतर भाषणे. खोलीवर आलो तेव्हा सात वाजले होते. आकडा उणे अठ्ठावन्न, जसाच्या तसा. म्हणजे विकासने क्लॅम्प बसवला. गुणी मुलगा.

आज बेचाळीस अंश होते म्हणतात. मंडपातसुद्धा घाम आटत नव्हता.

३ एप्रिल, गुरुवार

दिवसभर उणे अठ्ठावन्न. राजपाल येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, आमच्या गुरुजींचा हात पाहा. मी विनयाने मान खाली घालतो, तर शिरस्त्राण पडते.

दुपारी प्रयागबाईंचा फोन. म्हाताऱ्याचा फोन कालपासून बंद येतो, बरा आहे ना? म्हटले, ठणठणीत, माझ्याच कामात आहेत. म्हणाल्या, त्याले उन्हात जाऊ नका देऊ, टोपी घालत नाही तो. मग सुनेच्या फोनवरून बाळाचा फोटो पाठवला, म्हाताऱ्याला दाखवा म्हणून. दाखवतो म्हणालो. रामनवमी होऊ दे, स्वतः जाऊन दाखवीन.

बाळाची मूठ घट्ट मिटलेली आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

विकास सकाळी आला. हातात नवा क्लॅम्प. विचारत होता, हा कुठं बसवायचा, गुरुजी? राजपालभाऊनं सामानात दिला, पण जागा कोनी सांगतली नाही.

तो मंगळवारपासून पोहरादेवीलाच होता. कॅमेरे लावत होता. टेकडीवर गेलाच नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

सांगायचे मी होते.

न घेतलेल्या कॉलची यादी आज प्रथमच उघडली. बुधवार, बारा पन्नास, हेमसिंग. एक चाळीस, हेमसिंग. दोन पंधरा, हेमसिंग. मी कुठलाच घेतलेला नाही. त्यानंतर एकही नाही.

आकडा उणे अठ्ठावन्न.

विकासला म्हणालो, ठेव टेबलावर. बघू नंतर. राजपाल तिथेच होता, तो म्हणाला, “चालू हाये ना? मंग कायले हात लावून राह्यले? रामनवमी झाल्याबिगर त्या टेकडीवर कोनी चढाचं नाही.” मी होय म्हणालो. लगेच म्हणालो.

सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला तार बांधता येत नाही का? बांधली असेल. बांधून पोहरादेवीला गेला असेल, सगळ्यांसारखा. फोनची बॅटरी उतरली असेल. हे तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले. बरे वाटले. जेवलो.

५ एप्रिल, शनिवार

चार वाजता वावटळ. मैदानातला मंडप उडाला, कृषी केंद्राची पाटी रस्त्यात. गच्चीत जाऊन पाहतो तर आमची डिश वीतभर फिरलेली.

वीतभर म्हणजे पलीकडे टेकडीच उरत नाही. आकडा नव्वदीला जायला हवा.

उणे अठ्ठावन्न.

पाना घेतला. डिश आणखी फिरवली, पार पूर्वेकडे. संगणक गच्चीतच आणला होता. उणे एकोणऐंशी. सुटलो म्हणालो.

मग आकडा हलायला लागला. आपोआप. सुधारला — फार पुढे गेला, बिघडला — परतला, जरा जास्त — पुन्हा, केसभर —

उणे अठ्ठावन्न.

चार वेळा केले. चारही वेळा तीच लकब. पाचव्यांदा पाना उचलला नाही. कुणाला सांगू? सांगायचे तर बुधवारपासून सांगावे लागेल.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

पहाटे उणे बावन्न.

सहाने सुधारला. वहीचे पहिले पान उघडले नाही. पाठ आहे. बाराचे सहा किलोमीटर.

मैदानात माणूस मावत नाही. चित्र स्वच्छ. बाया पडद्याला हात जोडून रडत होत्या. राजपालने मला मिठी मारली. उद्या साडेबाराला जिल्ह्याचे साहेब दुवा पाहायला येणार, मग सगळ्या तालुक्याचे काम आपले आणि माझी नोकरी कायम.

विकास दुपारी न सांगता क्लॅम्प घेऊन टेकडीवर जाऊन आला. चोरी झाली म्हणतो. स्लॅबवर नुसता खांब. डिश नाही. वायर तुटून लोंबते आहे. म्हातारा नाही, त्याच्या वहाणा जिन्याशी. खांबाजवळ दोन पावलांचे डाग, भांड्याला करपलेली साय चिकटते तसे. ते काय म्हणून त्याने बोट लावून पाहिले. मग खूप वेळ हात धूत बसला.

मला म्हणाला, “डिश नाही, वायर नाही, मंग हे चित्र कुठून येऊन राह्यलं, गुरुजी?”

मी म्हणालो, चित्र छान आहे ना? मग झाले.

आता पाच वाजताहेत. उणे सेहेचाळीस. तीन किलोमीटर.

प्रयागबाईंचा फोन वाजतो आहे. घेतला नाही.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी उणे चाळीस. दीड किलोमीटर.

आमच्या बाजूची वीज काढली. पिन हातात आहे. डिशचा दिवा हिरवा. आकडा —

विकास आला नाही. फोन बंद.

साडेअकरा

उणे चौतीस. रस्ता रिकामा, उन्हाने पांढरा. एकच माणूस येतो आहे, बसस्थानकाकडून. अनवाणी. दोन्ही हात डोक्याच्या वर, त्यात काहीतरी गोल. हळू येतो, फार जपून. हात जराही हलत नाहीत.

माझ्याकडे तोंड करून. मी खिडकी सोडून दाराशी गेलो — ते गोल दाराकडे वळले.

राजपालचा निरोप: साहेब वेळेआधीच मैदानात पोचले. आकडा काय म्हणतो?

उणे अठ्ठावीस.

आकडा भराभर शून्याकडे. आता जिन्यावर. एकेक पायरी. पाय उचलताना काहीतरी सुटल्याचा आवाज, ओल्या चिकट —

बाळाचा फोटो उघडून टेबलावर ठेवला आहे. शब्द दिला होता. ते पाहतील — डोळे असतील तर —

खरे लिहितो, आता विनोद नाही. मला त्यांची भीती वाटत नाही. ते मारणार नाहीत. ते दारात उभे राहून विचारतील, सोडू काय, गुरुजी? एका शब्दाचे काम आहे. पण साहेब पडद्यासमोर बसले आहेत, आणि मी मला ओळखतो. हो म्हणायच्या आधी मी आकडा पाहीन, आणि तो इतका चांगला आहे की मी पुन्हा म्हणेन, जरा वेळ —