हेमचंद्रांची खुर्ची आणि पाचवा सामना

मी, डॉ. मृणालिनी हेमचंद्र टिपणीस, वय चौऱ्याहत्तर, राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. जन्मभर भूलतज्ज्ञ होते. शुद्धीत कोण आहे आणि कोण नाही हे मला कुणी शिकवू नये. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. आणि आज संध्याकाळी आमच्या किंगफिशर्स या बेसबॉल टीमचा फायनलचा पाचवा, शेवटचा सामना आहे. दोन-दोन अशी बरोबरी आहे. छाती धडधडतेय ती सामन्यामुळे, हे सर्जनला सांगू नये.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा नील याला. काल फोनवर तो म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ मायनर लीग गेम." तरीही त्यालाच.

२. वरची खोली मात्र मातेओची, तो खेळतोय तोवर, दर सीझनला. मातेओ आमचा पिचर. मॅच हातातून निसटायला लागली की चेंडू फेकायला त्यालाच उभा करतात. या छोट्या लीगमध्ये पगार बेताचा, म्हणून खेळाडू गावातल्या घरांत राहतात; हा माझ्या वाट्याला आला. मला काकू म्हणतो आणि वरणभातावर लिंबू मागून घेतो. एकतिशी उलटली आहे त्याची. आज मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येणार आहेत. या वयात ती परत येत नाहीत.

३. दही-साखर. घरच्या मैदानावर मॅच असली की निघताना मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवते. पहिल्यांदा सवयीने ठेवली, नीलच्या परीक्षेला ठेवायचे तशी. पुढे तो स्वतःच हात पुढे करायला लागला. जुलैमध्ये आमची टीम तळाला होती, तिथून थेट प्लेऑफला पोचली. त्यात दह्याचा वाटा किती, हे विज्ञान शिकलेली बाई असल्यामुळे मी लिहीत नाही. ही जबाबदारी माझ्यामागे कुणाकडे द्यावी ते सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर झोप त्यानेच उडाली आहे.

४. माझ्या नणंद सुलेखावन्सं ऑपरेशनसाठी म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनहून आल्या आहेत. परवा चौथा सामना होता, जिंकलो असतो तर चॅम्पियन. मातेओ हात चाटून दारापर्यंत गेला आणि वन्संनी मागून विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?" निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे आम्हाला लहानपणापासून घोटून शिकवलेलं. इंग्रजीत विचारलं तर चालतं, असा त्यांचा समज झाला असावा. एका रनने हरलो. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही, म्हणून वन्संना मी मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

५. थर्ड बेसमागच्या दोन खुर्च्यांची सीझन तिकिटं. ती हेमचंद्रांनी घेतली. हाडाचा क्रिकेटवाला माणूस, बेसबॉलला विटीदांडू म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावर एक मॅच चुकवली नाही. ते गेल्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी पर्स ठेवते. कुणाला बसू देत नाही. या दोन्ही खुर्च्या माझ्यामागे...

इथे दुरुस्ती करते. खुर्च्या कुणाला ते ठरेना, म्हणून इथवर लिहून सहीसाठी वन्संना बोलावलं. त्यांनी सगळं वाचलं, चौथं कलम दोनदा, आणि पेन खाली ठेवलं.

"वहिनी, मी सही करणार नाही. मला दादाची खुर्ची हवीय."

"माझ्यामागे?"

"आज. आणि पुढच्या सीझनला तुम्ही शेजारी हव्यात."

मला रडू आलं, ते लिहून ठेवते. चौथं कलम रद्द. खुर्ची सुलेखावन्संची, माझ्या मरणाची वाट न बघता, आजपासून.

तिसरं कलमही मिटलं. आत्ताच मातेओ निघाला. आज दही-साखर वन्संनी ठेवली, आणि त्याची गाडी वळेपर्यंत त्या स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून उभ्या होत्या.

ठिकाण: कॅरी
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५

सही: मृणालिनी हे. टिपणीस

साक्षीदार: सुमंत गुप्ते, वसुधा गुप्ते (शेजारी. दोघंही फक्त सॉकर बघतात, सबब निःपक्षपाती.)