कागदात गाठ नव्हती, पिशवी होती

प्रिय कमळे,

तू जाऊन तीन वर्षं झाली, तरी तुला पत्र नाही. मला लिहिता येत नाही आणि तिकडं पोस्टमन जात नाही! आज माझी नात पल्लवी लिहून घेतीये. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. लिहू दे.

तिच्याच पायी जीव थाऱ्यावर नाही गं. पिशवीत गाठी निघाल्यात, तुझ्यासारख्याच. महिन्याचे आठ-आठ दिवस रक्त जातं. परवा चाकणच्या कंपनीत, चालू शिफ्टमध्ये चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई म्हणतात, प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. आधी रक्त वाढवू, तीन महिने गोळ्या देऊन बघू. नाहीच थांबलं तर नुसत्या गाठी काढू, पिशवी ठेवू. तिची आई म्हणते, "एक पोर आहे ना? काढूनच टाक पिशवी!" हिला तर दुसरं हवंय. मला विचारते, "आजी, तू सांग."

मी कुठल्या तोंडानं सांगू?

तुझ्या वेळी भाऊजी कंपनीत, दवाखान्यात मोठं माणूस म्हणून मीच, तुझी थोरली जाऊ. नर्सनं कागद पुढं केला. गाठीचाच असेल म्हणून मी अंगठा दिला. वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली! मोशीतल्या पंधरा एकरांची मालकीण ना मी!

ऑपरेशन झाल्यावर नर्स म्हणाली, पिशवीच काढली, कागदात तेच होतं. शुद्धीवर येऊन तू म्हणालीस, "अक्का, गाठ गेली ना? आता बाळूला भाऊ होईल." मी म्हटलं, "व्हय." मग तू पाळीची वाट बघत बसलीस आणि मी गप्प.

कदाचित पिशवी काढावीच लागली असती. पण तुला विचारायचं तरी होतं! पुढं दुसऱ्या डॉक्टरांकडून कळल्यावर तू माझ्याशी भांडली का नाहीस? माझ्या भाकरीला नावं ठेवायला बरं तोंड होतं तुला!

पल्लवीचा पेन थांबलाय. "आजी, अंगठा तू दिलास हे घरात कुणाला माहीत आहे?"

"आता तुला. लिही."

कमळे, गोळ्यांनी थांबेल ना गं?

एवढा शब्द देते. या खेपेला दवाखान्याच्या कागदावर माझा अंगठा लागायचा नाही. कागद पल्लवी वाचेल, मला मोठ्यानं ऐकवेल. समजलं नाही तर मी डॉक्टरीणबाईंना दहादा विचारीन, "म्हणजे काय?" आणि ठरवेल ती. तिची आई नाही, मी नाही.

पल्लवी म्हणते, "आजी, खाली तुझं नाव लिहू?" मी म्हटलं, "नको. शाई आण." कमळे, तुला माझा अंगठाच ओळखीचा.

तुझी अक्का
(डावा अंगठा)