आईसाठी काढलेले चौकोन

आई, आज ऑफिसात एक जुना प्रोग्राम दुरुस्त करत होतो. पडद्यावर रंग भरायला कॉम्प्युटरकडे काही ब्रश आधीपासून तयार असतात: पांढरा, काळा आणि मधल्या राखाडी छटा. रेघ ओढायला काळं आणि पांढरं पेन, आणि मोजकेच फॉन्ट. आपण स्वतः ब्रश बनवला तर काम झाल्यावर तो आठवणीने मोडावा लागतो. तयार ब्रश नुसता मागायचा आणि वापरायचा. ते वाचताना तुझ्यासाठी केलेला प्रोग्राम आठवला, आणि नंतर हातून काही काम झालं नाही.

लकव्याने तुझी वाचा गेली, उजवा हात गेला. दवाखान्यातून तुला परभणीला माझ्या घरी आणलं तेव्हा तुला सगळं कळत होतं, ते डोळ्यांत दिसायचं. बोरीच्या शाळेत पहिलीच्या पोरांकडून आयुष्यभर अक्षरं गिरवून घेतलीस, आणि आता डाव्या हाताने पाटीवर नुसत्या रेघोट्या उमटायच्या. मला जे येत होतं ते मी केलं. घाईत, तयार ब्रशने आणि तयार पेनाने, पडद्यावर राखाडी चौकोन काढले. तयार फॉन्टांत मराठी नीट उमटेना, म्हणून फॉन्ट तेवढा वेगळा घेतला. एकेका चौकोनात एकेक शब्द: पाणी, भूक, लघवी, दुखतय. तू बोट ठेवायचं आणि मी धावायचं.

पहिल्याच दिवशी तू 'दुखतय'वर बोट ठेवतेस. "कुठं? छातीत?" मी विचारतो. तू नाही म्हणून मान हलवतेस, बोट पुन्हा तिथंच. मी डॉक्टरांना घेऊन येतो. ते तपासतात, काही सापडत नाही. ते गेल्यावरही तू 'त'च्या डोक्यावर नख आपटत राहतेस, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात येतं की अनुस्वार राहिलाय. मी टिंब दिलं. तू अर्ध्या ओठांनी हसलीस.

त्यानंतर मात्र तू चौकोन सोडून खालच्या मोकळ्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवायला लागलीस. मी रोज चौकोन वाढवत गेलो. खिडकी, ऊन, बोरी, विहार, मावशी. प्रत्येकाला तुझी मान नाही म्हणायची. मावशीला बोरीहून बोलावून घेतलं. ती तुझ्या उशाशी बसून बघत राहिली.

"कवापासून तिथंच बोट ठिवायलीय ती," मावशी म्हणाली. "तिला काय तरी सांगायचंय."

"काय ते मला कळत नाही, मावशी."

"मग बंद कर ते. लय तरास व्हायलाय तिला."

मी हात पुढे केला तसं तू माझं मनगट धरलंस. तुला ते बंद करू द्यायचं नव्हतं, आणि चालू ठेवून मला काही उमगत नव्हतं. मावशीने पदर तोंडाला लावला. मी हात मागे घेतला.

पुढच्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि तू गेलीस. भेटायला आलेले म्हणाले, पोरानं लय केलं आईचं. मी मान खाली घालून ऐकलं.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो. एक चौकोन मला तेव्हाच सुचला होता. 'भीती वाटते.' शब्द टाइपही केला आणि पुसून टाकला. तू त्यावर बोट ठेवलं असतंस तर पुढं काय करायचं, ते मला येत नव्हतं.